जनूची नोकरी आणि माझी कॉमेंटरी

मी फुटबॉल खेळणं सोडलं, तेव्हा फुटबॉलला काहीच फरक पडला नाही. मुंबईच्या एका गिरणीच्या संघात मी राइट-आउट, म्हणजे उजव्या कडेने पळणारा खेळाडू होतो. एका सामन्यात चिखलात माझा उजवा गुडघा एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, "चालता येईल." त्यांनी हे आनंदाची बातमी म्हणून सांगितलं. पण गिरणीला चालणारा राइट-आउट नको होता. खेळापायी मिळालेली नोकरी खेळाबरोबरच गेली, आणि मी ट्रंक उचलून गावी, उमेळ्याला, बाबांच्या केळीच्या वाडीत परत आलो.

गावात मात्र माझा भाव वधारला. मुंबईत बूट घालून फुटबॉल खेळलेला माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता. लोक विचारायचे, "गोल किती मारलेस रे?" मी म्हणायचो, "मोजायला वेळ कुठे होता?" (मोजण्यासारखं काही नव्हतं, हेही एक कारण होतं.) मुंबईहून आल्यापासून मी घरातही जरा शुद्ध बोलायचो. आई काळजीने कपाळाला हात लावून बघायची.

भात कापून शेतं मोकळी झाली की गावातले तरुण त्यात अनवाणी फुटबॉल खेळत. खेळत म्हणजे, चेंडू जिथे जाईल तिथे सगळे जात. एका संध्याकाळी मी हे बांधावरून पाहिलं आणि ठरवलं, यांना शिस्त लावायची. अशा रीतीने मी कोच झालो. मला कोणी नेमलं नव्हतं. पण मला कोणी हाकललंही नाही.

माझी शिकवण्याची पद्धत मी वाडीतूनच उचलली होती. आमच्याकडे रहाटाचं पाणी पाटाने केळींत जातं. केळी इतक्या दाट, की आत फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. म्हणून बाबा विहिरीजवळच्या उंचवट्यावर उभे राहून हाक द्यायचे, "डावं सोड! उजवं बांध!" आतला माणूस हाक ऐकली की फावडं मारायचा. विचार करायचा नाही. विचार करत बसलं की पाणी शेजाऱ्याच्या वाडीत. गावातली सगळी पोरं मिसरूड फुटायच्या आधीपासून अशाच हाकांवर वाढलेली. मी फक्त फावड्याच्या जागी पाय आणले. मी बांधावर उभा राहून ओरडायचो, "डावीकडे दे! पुढे हो! थांब!" आणि पोरं तसंच करायची. मान वर करून बघायचीसुद्धा नाहीत. मला वाटलं, मी मुंबईतल्या भल्या भल्या ट्रेनरांच्या पुढे गेलो.

या पोरांत सगळ्यात चांगला खेळायचा माझा धाकटा भाऊ जनार्दन, म्हणजे जनू. पायात चेंडू आला की तो त्याच्याकडेच राहायचा. आपला भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण माझ्यापेक्षा तो कितीतरी सरस होता. (हे मी त्याला कधी सांगितलं नाही. कोचने असं सांगायचं नसतं.)

कोचगिरीच्या जोडीला माझं दुसरं करिअर स्टेशनाजवळच्या हॉटेलात सुरू झालं. तिथे रेडिओ होता. सामन्याची कॉमेंटरी लागली की ती इंग्रजीत असायची, आणि मी ती लोकांना मराठीत सांगायचो. हळूहळू मी कॉमेंटरी करणाऱ्याच्या चुकाही सांगू लागलो. "तो म्हणतोय चांगला पास होता, पण नव्हता." कोणी विचारायचं, "तुला रे काय ठाऊक, तू इथं बसून?" मी म्हणायचो, "बूट घातलेल्यालाच बूट कुठे चावतो ते कळतं." लोक चहा मागवून ऐकत. हॉटेलवाला माझ्यासाठी रेडिओचा आवाज बारीक करायचा. एकदा रेडिओ मध्येच बंद पडला, तरी मी सामना पूर्ण केला. मुंबईचा संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो हरल्याचं छापून आलं, पण हॉटेलातल्या मंडळींचं मत पडलं की छापणाऱ्यांनी गडबड केली.

त्या वर्षी थंडीत गावोगावच्या संघांचे सामने ठरले. आमचा सामना गोखिवऱ्याशी. मी माझ्या जुन्या गिरणीत खेळाचं काम सांभाळणाऱ्या साहेबांना निरोप पाठवला की आमच्याकडे एक रत्न आहे, एकदा बघायला या. साहेबांनी येतो म्हणून कळवलं. मुलगा पसंत पडला तर गिरणीत कायमची नोकरी.

जनूला ही नोकरी हवी होती. किती हवी होती ते मला एका सकाळी रहाटावर कळलं. तो बैलामागे गोल गोल फिरत होता आणि मी कठड्यावर बसून त्याला हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, समजावत होतो. तो म्हणाला, "दादा, मला मशीन चालंल, साचा चालंल, कायपन चालंल. पन आयुष्यभर या बैलाच्या मागं गोल फिरनं माझ्याच्यानं होनार नाय."

"होईल रे काम. मी आहे ना."

"त्याचीच भीती वाटते," जनू म्हणाला. मी हसलो. मला तो विनोद वाटला.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात सामने भरवणाऱ्या समितीची माणसं घरी आली. लग्नात गाणी लावणारा एक जण आपले कर्णे आणि मोटारची बॅटरी द्यायला तयार होता. "तू कॉमेंटरी कर," ते म्हणाले. "रेडिओसारखी. फक्त एक. कोच म्हणून माइकवरनं पोरांना शिकवायचं नाय. कोनाची बाजू घ्यायची नाय." मी म्हटलं, निःपक्षपातीपणा हा माझ्या रक्तातच आहे. बाबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी विचारलं, "हा एकदा बोलायला लागला की बंद कसा करायचा?" समितीतले सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

सामन्याच्या दिवशी उमेळ्यातलं निम्मं गाव शेतात होतं आणि उरलेलं निम्मं झाडांवर. मैदानाच्या दोन्ही टोकांना माडांवर कर्णे बांधले होते. माझं टेबल मधोमध. शेजारच्या खुर्चीत साहेब. आईने त्यांच्यासाठी घरच्या सुकेळ्या आणल्या होत्या. या सुकवलेल्या केळ्याचं एक आहे, ते दातांना धरून बसतं. साहेबांनी सामना सुरू व्हायच्या आधीच एक तोंडात घातली, आणि पुढचा बराच वेळ ते कोणाशी काही बोलू शकले नाहीत. मी ते मौन कौतुकाचं समजलो.

शिट्टी झाली. मी माइक हातात घेतला आणि आवाज जरा जड केला.

"आणि चेंडू श्री. जनार्दन यांच्याकडे. ते आता डावीकडे पास देतील."

जनू उजवीकडे निघाला होता. उजवीकडे मोकळं रान होतं. पण कर्ण्यातून माझा आवाज आला आणि त्याचा पाय आपोआप वळला. चेंडू डावीकडे गेला. तिथे गोखिवऱ्याचे तिघे जण उभे होते.

"पाहिलंत?" मी लोकांना म्हणालो. "डावीकडेच दिला."

लोकांत कुजबुज झाली. मी पुन्हा म्हणालो, "आता आपला सेंटर हाफ जरा थांबेल." तो थांबला. ऐन पळताना, एक पाय उचललेला. त्याच्या बाजूने गोखिवऱ्याचा गडी आरामात पुढे गेला. मी म्हणालो, "आणि आपला गोलकीपर पास्कू पुढे सरसावेल." पास्कू हा आमचा शेजारी, चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून थेट गोलात येऊन उभा राहिलेला, अतिशय आज्ञाधारक मुलगा. तो पुढे सरसावला. चेंडू त्याच्या डोक्यावरून मोकळ्या गोलात गेला.

आता खरं तर मला काहीतरी समजायला हवं होतं. पण माझ्यामागे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "ह्या पोराला पुढचं दिसतंय. आधी सांगतोय, मंग तसंच होतंय." हे ऐकल्यावर माणसाला दुसरं काय समजणार? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी दुप्पट जोमाने बोलू लागलो. जे जे बोललो ते ते झालं. दुसरा गोल होण्याआधी तर तो कुठल्या कोपऱ्यातून होणार हेसुद्धा मी सांगितलं. पास्कूला मी त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात पाठवलं होतं. गर्दीतून एकाने चिठ्ठी पाठवून आपली म्हैस कधी विणार ते विचारलं.

साहेब माझ्याकडे बघून हाताने काहीतरी खूण करत होते. त्यांचा जबडा अजून सुकेळीतच होता. मला वाटलं ते वाहवा करताहेत, म्हणून मी आणखी एक सुकेळी पुढे केली.

मध्यंतरात जनू आला. तो घामाने निथळत होता आणि त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं आमच्या घरात फक्त केळी खाणाऱ्या वटवाघळाकडे पाहतात.

"दादा, तू गप बस."

"का?"

"तू बोलतोस तसं आम्ही करतोय."

"मग चांगलंच आहे की."

"अरे, तू आम्हाला सांगत नाय आहेस. तू लोकान्ला सांगतोयस. आम्ही काय करनार ते आम्ही करायच्या आधीच सांगतोयस, नि मंग आमच्याच्यानं तेच होतंय. तुझा आवाज कानात शिरला की पाय आधी वळतात, डोकं मागनं येतं."

मी त्याला हे पुन्हा सांगायला लावलं, तेव्हा मला कळलं. भविष्य वगैरे मला काही दिसत नव्हतं. मी माझ्याच भावाची नोकरी कर्ण्यावरून घालवत होतो. पण त्यावरचा उपाय म्हणून गप्प बसावं, हे मात्र मला सुचलं नाही. साहेब शेजारी, अख्खं गाव समोर, हातात माइक. अशा वेळी गप्प बसायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

"सोपं आहे," मी म्हणालो. "मी माइकवर डावीकडे म्हटलं की तुम्ही उजवीकडे जा. उजवीकडे म्हटलं की डावीकडे. जे बोलेन त्याच्या बरोब्बर उलटं. गोखिवऱ्यालाही कळणार नाही. सगळ्यांना सांग."

"दादा, त्यापेक्षा तू..."

"सगळ्यांना सांग," मी म्हणालो. शिट्टी झाली.

उलट्याच्या युक्तीत दोन अडचणी निघाल्या. पहिली अशी की जनूने निरोप सगळ्यांना दिला, पण तो सगळ्यांना लक्षात राहिला नाही. मी "डावीकडे" म्हटलं की निम्मा संघ डावीकडे जायचा आणि निम्मा उजवीकडे, आणि चेंडू मध्ये एकटा उभा राहायचा. आमचे दोघे जण समोरासमोर येऊन आदळले. पास्कू तर मध्यंतरात शेतापलीकडच्या विहिरीवर तोंड धुवायला गेला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. तो माझं सुलटंच ऐकत होता. बाकीच्यांना उलटं सांगायचं आणि पास्कूला सुलटं, हा हिशेब तोंडाने करता करता मला घाम फुटला.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. जनूच्या पायात चेंडू आला, समोर मोकळी वाट, आणि मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "जनार्दन आता थेट गोलकडे मुसंडी मारतील!"

याच्या उलट काय, ते मी ठरवून दिलं नव्हतं. जनूच्या पायांनी ते आपलं आपण ठरवलं. तो गर्रकन वळला आणि आमच्याच गोलकडे मुसंडी मारत निघाला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं. तो थांबला, त्याने चेंडू अडवायचा प्रयत्न केला, पण चेंडू ओल्या मातीवरून घसरत पुढे गेला. पास्कूने माझ्याकडे पाहिलं. मी अजून उलट्या-सुलट्याचाच हिशेब करत होतो. पास्कूला हाक मिळाली नाही, म्हणून तो जागचा हलला नाही. गोल झाला. गावातल्या माणसांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग थांबवल्या.

जनू मैदानाच्या मधे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता, साहेबांकडे बघत होता. त्याचा चेहरा मला आजही चांगला आठवतो. मला रडूच येणार होतं, पण माइक चालू होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या वेळी ठाऊक नव्हती. बाबा इतका वेळ बायकांच्या मागे, बांधाच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नसे. ते उठले. धोतर झटकलं. बॅटरी जिथे ठेवली होती तिथे शांतपणे चालत गेले, तिच्यातून निघालेली एक तार उपसली, ती हाताला गुंडाळली आणि तिथेच बॅटरीच्या खोक्यावर बसून राहिले. कर्णेवाला ओरडत आला. बाबा त्याला म्हणाले, "पानी फुकट चाललंय."

कर्णे बंद झाले. मला हे कळलंच नाही. माझा मूळचा आवाज मोठा, भोवती लोकांचा गलका, आणि मला माझा आवाज नेहमीसारखाच ऐकू येत होता. मी बोलतच राहिलो.

सुरुवातीला पोरं भांबावली. हाक नाही, त्यामुळे जो तो जिथल्या तिथे उभा. मग जनूने माडावरच्या कर्ण्याकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. आणि चेंडू घेऊन निघाला.

"जनार्दन डावीकडे," मी म्हणालो. तो उजवीकडे गेला.

"शाब्बास," मी साहेबांना हळूच म्हणालो. "बघताय ना? आमची गुप्त पद्धत आहे. आता सांगायला हरकत नाही. मी बोलतो त्याच्या उलट करतात."

"चेंडू उजवीकडे जाईल." चेंडू डावीकडे गेला. "जनार्दन थांबतील." जनू सुसाट सुटला. त्याने दोघांना चकवलं, तिसऱ्याला नुसतं खांदा हलवून बसवलं, आणि त्या बसलेल्या गड्याच्या अंगावरून चेंडू गोलात मारला. मी खुर्चीवर उभा राहिलो. माझी पद्धत अखेर बसली होती! त्यानंतर मी जे जे म्हणालो त्याच्या उलटच होत गेलं, आणि जे उलट झालं नाही ते मी सोयीने विसरलो. जनूने दुसराही गोल मारला, तोही इतक्या लांबून की माझं वाक्य अजून संपायचं होतं. पास्कू पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी चेंडू बघत होता आणि एकामागून एक अडवत होता. बिचारा आनंदाने हसत होता.

आम्ही हरलो. तिसरा गोल फिटला नाही. पण शेवटचा सगळा वेळ मैदानात एकटा जनूच दिसत होता. शिट्टी झाली, तेव्हा गोखिवऱ्याच्या पोरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी साहेबांकडे वळलो. त्यांनी शेवटची सुकेळी गिळली होती.

"बघितलीत साहेब माझी पद्धत? एकदा पोरांच्या डोक्यात बसायला जरा वेळ लागला, पण..."

"तुमचा कर्णा मघापासून बंद आहे," साहेब म्हणाले.

"कधीपासून?"

"तुमचा भाऊ खेळायला लागला तेव्हापासून."

मी माइककडे पाहिलं. त्यावर एकदा फुंकर मारली. माडावरून काहीच आवाज आला नाही. दूर बॅटरीच्या खोक्यावर बाबा बसलेले दिसले, हाताला तार गुंडाळलेली. कर्णेवाला त्यांना हात जोडत होता.

जनू येऊन समोर उभा राहिला. मातीने भरलेला. त्याच्या मागोमाग बाबाही तार घेऊन आले. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं.

"मुलगा सोमवारपासून येऊ दे," ते म्हणाले. "साचेखात्यात, मागावर लावून घेतो. संघात पुढच्या फळीत खेळेल."

आईने तिथेच डोळ्यांना पदर लावला. जनूला काय करावं सुचेना. त्याने आधी साहेबांना नमस्कार केला, मग बाबांना, मग नकळत कर्णेवाल्यालाही. माझा ऊर भरून आला. भरून आलेल्या उरानेच मी म्हणालो, "साहेब, आणि संघाला ट्रेनरबिनर लागत असेल, तर अनुभव..."

"त्याबद्दलच बोलायचं होतं," साहेब म्हणाले. "मुलाला घेतो, पण एका अटीवर. सामन्याच्या दिवशी तुम्ही मैदानात यायचं नाही. कडेला नाही. गेटपाशी नाही. रस्त्यावरसुद्धा नाही. तुमचा आवाज बॅटरीशिवाय किती लांब जातो, ते आज शेजारी बसून ऐकलंय."

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, ज्येष्ठ मुलाचा असा अपमान होताना बाप गप्प बसणार नाही. बाबा गप्प बसलेही नाहीत.

"मान्य," बाबा म्हणाले.

जनू सोमवारी गेला. त्या गिरणीकडून तो पुढे बरीच वर्षं खेळला. फार सुंदर खेळायचा, असं ऐकून आहे.